खेळाडू कॉलेजचा की कॅमेऱ्याचा?

मागच्या अंकात कॉलेजच्या लीगमध्ये घुसलेले डीजे, अँकर आणि ड्रोनवाले यांच्यावर मी सहज चार ओळी लिहिल्या आणि तुम्ही लोकांनी इनबॉक्स भरून टाकला. बरीचशी पत्रं कापून घ्यावी लागली. नावं कोणाचीच छापत नाहीये, कारण निम्म्या लोकांनी शेवटी "सर नाव नका टाकू, अजून त्याच कॉलेजात काढायचंय" असंच लिहिलंय.

प्रश्न: नमस्कार सर, मी एसवायला आहे, ८०० आणि १५०० मीटर पळते. यंदा आमच्या कॉलेजने ॲडमिशनच्या होर्डिंगवर माझा एवढा मोठ्ठा फोटो लावला, मला विचारलं पण नाही, मैत्रिणीने स्टेटसला टाकला तेव्हा कळलं. आता कॉलेजची लीग आहे, त्यात ओपनिंगला मी मशाल घेऊन पळायचं आणि मग चीफ गेस्ट म्हणून कोणी सिरीयलवाले येणारेत ते येईपर्यंत ट्रॅकसूटमध्ये स्टेजजवळ थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी झोनल, म्हणजे युनिव्हर्सिटीची विभागीय स्पर्धा आहे! नाही म्हटलं तर म्हणतात हिला ॲटिट्यूड आलाय. स्पाइक्स, म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट, मी घरून पैसे आणून घेतलेत हे कोणी विचारत नाही. (एक धावपटू, पंचवटी)

उत्तर: अगं, आधी झोनलचं बघू, होर्डिंग कुठे पळून जात नाही.

८०० वाल्यांना सकाळी हीट आणि दुपारी फायनल असं एका दिवसात दोनदा जीव काढून पळावं लागतं हे स्टेजवर माइक धरणाऱ्याला माहीत नसतं. मशाल घेऊन दोन राउंड मारायचे, अंग गरम झालं, घाम आला, आणि मग त्याच ओल्या टीशर्टात तीन तास उभं राहायचं, नाशिकची थंडी, सेलिब्रिटी मुंबईहून येतोय म्हणजे कसारा घाटात अडकलेला असणारच, जेवण रात्री अकराला आणि तेही पनीर-नान. सकाळी पोटऱ्या दगड झालेल्या असतात, मग शेवटच्या २०० ला पाय उचलत नाहीत आणि लोक म्हणतात दम कमी पडला. दम नाही कमी पडला, आदल्या रात्रीच निम्मी रेस पळून झाली होती.

तर असं कर. थेट प्राचार्यांकडे जाऊ नकोस, जिमखान्यात जा आणि पीडी सरांना, म्हणजे फिजिकल डायरेक्टरना सांग की मशाल मी घेते, आनंदाने घेते, पण तेवढं झालं की मी कपडे बदलून घरी जाणार, चीफ गेस्टबरोबर फोटो काढायला दुसरं कोणी उभं करा. हेच त्यांना व्हॉट्सॲपवर पण टाकून ठेव, रागाने नाही, "सर आपलं ठरलं तसं" असं. झोनलमध्ये नंबर आला तर इंटरझोनल, मग युनिव्हर्सिटीची टीम, हा रस्ता तुझा आहे आणि वर्षातून एकदाच उघडतो. लीग काय, पुढच्या महिन्यात परत ठेवतील.

होर्डिंगचं म्हणशील तर तुझा चेहरा वापरायला तुला विचारायला पाहिजे होतं, यात दुमत नाही. आपल्याकडे यासाठी वेगळा असा कायदा नाही पण कोर्टं आता हे गंभीरपणे घ्यायला लागलीत, २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करून वापरणाऱ्यांना रोखलं, त्यात नाव, आवाज, चेहरा ही ज्याची त्याची मालमत्ता आहे असाच सूर होता. तू काही कोर्टात जाणार नाहीस आणि जाऊही नकोस. पण फोटो लावलाय ना, मग मागून घे! पुढच्या वर्षाचे स्पाइक्स, डाएटचे पैसे, फिजिओकडे जायचा खर्च, जे लागेल ते. अर्जात लिही की माझ्या फोटोचा वापर प्रवेशाच्या जाहिरातीसाठी झालेला आहे, त्या अनुषंगाने विनंती करते की वगैरे. ऑफिसला अशी भाषा लगेच समजते.

प्रश्न: महोदय, मी निवृत्त प्राध्यापक. मुलगा अमेरिकेत असतो, तो सांगतो की तिकडे कॉलेजमधल्या खेळाडूंना आता अधिकृतपणे लाखो डॉलर मिळतात, जाहिराती मिळतात. मला हे पटत नाही. विद्यार्थी हा विद्यार्थी असावा. हा खेळ राहिला का करमणुकीचा धंदा झाला? आणि हे आपल्याकडे येणार का? (इंदिरानगर)

उत्तर: सर, तुमचा मुलगा खरं सांगतोय, फक्त गोष्ट मधूनच सुरू करतोय. धंदा आत्ता नाही झाला हो, धंदा चाळीस वर्षांपूर्वीच झाला, खेळाडूला हिस्सा आत्ता मिळायला लागला एवढंच.

तिकडे एनसीएए म्हणून संस्था आहे, कॉलेजच्या खेळांचं सगळं तीच बघते. आधी कुठल्या कॉलेजची फुटबॉल मॅच (तिकडचा फुटबॉल, हातात बॉल घेऊन पळायचा) टीव्हीवर किती वेळा दाखवायची हे पण तीच ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की हे चालणार नाही, ज्याचे त्याने हक्क विकावेत. यात एक गंमत आहे, विरोधात मत देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते बायरन व्हाइट, ते स्वतः तरुणपणी कॉलेज फुटबॉलचे स्टार होते आणि त्यांचं म्हणणं साधारण तुमच्यासारखंच होतं, की कॉलेजचा खेळ हा शिक्षणाचा भाग आहे, त्याला बाजाराचे नियम लावू नका. ते हरले. तिथून पुढे जे पैसे यायला लागले ते थांबलेच नाहीत. नुसत्या पुरुषांच्या बास्केटबॉलच्या मार्चमधल्या स्पर्धेचा टीव्हीचा करार २०१६ मध्ये आठ वर्षांनी वाढवला तो ८८० कोटी डॉलरला! कोचला कोटी, चॅनलला कोटी, स्टेडियमला कोटी, आणि जो पोरगा बॉल टाकतोय त्याला स्कॉलरशिप आणि एक नियम, की बाबा तू तुझ्या नावावर एक डॉलर जरी कमावलास तर तुझं खेळणं बंद होऊ शकतं.

एड ओ'बॅनन नावाचा यूसीएलए या युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉलपटू होता, १९९५ मध्ये त्याने कॉलेजला चॅम्पियन केलं. पुढे कधीतरी मित्राच्या घरी गेला तर तिथे व्हिडिओ गेममध्ये त्याला तो स्वतःच दिसला, नाव नाही पण तोच ३१ नंबर, तोच टकला, तोच डावखुरा. गेम दुकानात पैसे देऊन विकला जातोय आणि ह्याला एक दमडी नाही. त्याने २००९ ला केस टाकली. मग अशा केसेस येत गेल्या, २०२१ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ९ विरुद्ध ० अशा निकालात एनसीएएला झापलं आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःचं नाव, चेहरा वापरून कमवायला मोकळीक मिळाली. तरी हे जाहिरातवाल्यांचे पैसे. कॉलेजने स्वतःच्या गल्ल्यातून खेळाडूला द्यायचे पैसे हे २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने एक तडजोड मंजूर केली त्यानंतर सुरू झाले, पहिल्या वर्षी एका कॉलेजने जास्तीत जास्त साधारण २ कोटी ५ लाख डॉलर वाटायचे अशी मर्यादा ठरली, आणि जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत.

आता तुम्ही म्हणाल मग बरंच झालं की. अर्धं बरं झालं. कारण टीव्हीच्या पैशांसाठी तिकडे गटच बदलून टाकले, लॉस एंजेलिसची यूसीएलए २०२४ पासून ज्या गटात खेळते त्यात न्यू जर्सीचं कॉलेज पण आहे. म्हणजे देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर. हे फुटबॉलवाल्यांना परवडतं हो, त्यांच्यासाठीच तर केलंय, पण व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी पण त्याच विमानात बसते, आणि परत येऊन तिला परीक्षा द्यायची असते. आणि पैसे फुटबॉल-बास्केटबॉलकडे वळले तसे काही कॉलेजांनी लहान खेळांच्या टीमच बंद केल्या. दुसरी बाजू पण ऐका, २०२४ ची महिलांची कॉलेज बास्केटबॉल फायनल, तिकडची स्टार केटलिन क्लार्क खेळत होती ती, १ कोटी ८० लाखांच्या वर लोकांनी बघितली आणि त्याच वर्षी पुरुषांची फायनल १ कोटी ५० लाखांच्या आतच राहिली. मुलींचा खेळ मुलांपेक्षा जास्त बघितला गेला, हे नुसत्या "विद्यार्थी हा विद्यार्थी असावा" म्हणून झालं नसतं, त्याला शो लागला.

म्हणून सर माझं भांडण शोशी नाहीये. लाइट लावा, गाणी लावा, कॉमेंटरी करा. माझे दोनच प्रश्न असतात, खेळाडूचा दिवस कोण ठरवतं आणि त्याच्या नावावर आलेले पैसे कोणाकडे जातात. ही दोन्ही उत्तरं खेळाडूपासून लांब गेली की समजायचं तो आता कलाकार झालाय, आणि तोही बिनपगारी.

आपल्याकडे येणार का? आलंच आहे की, फक्त खालच्या मजल्यावर आहे. प्रो कबड्डी २०१४ ला आली, तिने "डू ऑर डाय" रेड आणली, म्हणजे दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा नाहीतर बाद, ती आता गल्लीतल्या पोरांच्या तोंडात आहे. अल्टिमेट खो-खो २०२२ ला पुण्यात झाली, त्यात वझीर आला जो कुठल्याही दिशेला पळू शकतो, जुन्या लोकांनी नाकं मुरडली पण बघायला मजा येते हे खरंय. या लीगच्या ट्रायलला जाणारी पोरं कुठून येतात, तर कॉलेज आणि तालमी-मंडळांतूनच. खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स २०२० ला भुवनेश्वरला पहिल्यांदा झाले, ते टीव्हीवर दाखवले. तिकडच्यासारखे कोटी डॉलर आपल्याकडे लगेच येणार नाहीत, पण बिनपैशात फोटो वापरायची सवय मात्र आधीच येऊन बसलीय, वरचं होर्डिंगचं पत्र वाचा.

प्रश्न: माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावीला, कबड्डी चांगली खेळतो, इन्स्टावर त्याच्या रेडचे व्हिडिओ बरेच चालतात. एका एजन्सीचा माणूस घरी आला, म्हणाला पाच वर्षांचा करार करा, आम्ही याला ब्रँड मिळवून देऊ, पेज आम्ही चालवू. एक गेमिंग ॲप आणि एक प्रोटीन पावडरवाला तयार आहेत म्हणे. मिसेसचं म्हणणं सही करून टाका. मला भीती वाटते. (एक पालक, नाशिकरोड)

उत्तर: दादा, भीती वाटतेय ते बरोबर वाटतंय, पेन खाली ठेवा.

१८ च्या आतल्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात करारच धरला जात नाही, १८७२ चा कायदा आहे, म्हणून तो माणूस तुमची सही मागतोय. तुमच्या सहीने तुम्ही अडकाल. पाच वर्षं म्हणजे मुलगा २२ चा होईपर्यंत, म्हणजे कबड्डीतलं त्याचं सगळं घडायचं वय. त्या काळात प्रो लीगमध्ये निवड झाली, कुठे नोकरीत स्पोर्ट्स कोट्यातून लागला, तर त्यातला किती टक्का एजन्सीचा हे त्या कागदात बारीक अक्षरात असणार. सीबीएसजवळ कोर्टात कोणीतरी ओळखीचा वकील निघेलच, त्याला हजार-दोन हजार द्या आणि कागद वाचायला लावा, हा तुमचा वर्षातला सगळ्यात चांगला खर्च असेल. आणि पेजचा पासवर्ड, तो मुलाकडे किंवा तुमच्याकडे, तिसऱ्याकडे नाही, यावर चर्चा पण करू नका.

गेमिंग ॲप कसलं आहे ते विचारलंत का? पैसे लावून खेळायचं असेल तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा केलाय, असे खेळ बंद आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही तुरुंग आणि मोठा दंड आहे. टीम इंडियाच्या जर्सीवरचं नाव सुद्धा त्यात गेलं! ज्याच्यात मोठे मोठे बाजूला झाले तिथे तुमचा बारावीचा मुलगा कशाला.

प्रोटीन पावडरचं मला जास्त टेन्शन आहे खरं सांगू तर. जाहिरात करायची म्हणजे डबा हातात धरायचा, आणि डबा घरी आला की पोरगा खाणार. डोपिंगच्या नियमात तुमच्या शरीरात जे सापडलं त्याला जबाबदार तुम्हीच, "मला माहीत नव्हतं, डब्यावर लिहिलं नव्हतं" याने सुटका होत नाही, पहिल्याच वेळी चार वर्षांपर्यंत बंदी लागू शकते. एका रीलसाठी चार वर्षं. शेंगदाणे, अंडी, दूध यांच्यावर कबड्डीवाले पिढ्यान् पिढ्या वाढलेत.

फुकट वस्तू येतात त्या पण फुकट नसतात बरं का. २०२२ च्या जुलैपासून नियम आहे की प्रमोशनसाठी दिलेली वस्तू वर्षाला २०,००० च्या पुढे गेली आणि ती तुम्ही ठेवून घेतली तर १० टक्के टीडीएस. आणि पैसे किंवा वस्तू घेऊन व्हिडिओ केला तर ही जाहिरात आहे असं व्हिडिओवर स्पष्ट लिहायचं, जाहिरातवाल्यांच्या परिषदेने २०२१ पासून हे ठरवलेलं आहे.

मिसेसना सांगा की नाही म्हणत नाहीये, मुलगा १८ चा झाला की तो स्वतः, वकिलाबरोबर, एक-एक वर्षाचा करार करेल. तोपर्यंत रेडचे व्हिडिओ टाकत राहा की, कोण अडवतंय. ते चालतात कारण तो चांगला खेळतो, एजन्सीमुळे नाही.

प्रश्न: सर आमच्या बास्केटबॉल टीममध्ये एक जण फक्त फॉलोअर्स जास्त म्हणून घेतलाय, स्पॉन्सर पाहिजे होता म्हणे. तो बेंचवर बसून व्लॉग शूट करतो. बरोबर आहे का? (कॉलेज रोड)

उत्तर: बाराव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर घेतला असेल आणि त्या स्पॉन्सरने सगळ्यांना बूट दिले असतील तर मी डोळे मिटून घेईन. ट्रायलला त्याच्यापेक्षा चांगला खेळलेला कोणी घरी बसला असेल तर अजिबात नाही, लेखी तक्रार करा, ट्रायलची शीट मागा. टीमचा मीडिया मॅनेजर म्हणून घ्या ना त्याला, ट्रॅकसूट द्या, बसमध्ये जागा द्या, खेळाडूच्या यादीत नाव कशाला?

प्रश्न: शो नसेल तर आमच्या मॅच बघायला कुत्रं पण येत नाही, हे पण लिहा की कधी. (एक खो-खो खेळाडू, सिडको)

उत्तर: लिहितो ना. चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईची संजीवनी जाधव, आपल्या नाशिकमध्ये घडलेली, तिने २०१७ मध्ये तैपेईला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरला सिल्व्हर जिंकलं. जगातल्या कॉलेज खेळाडूंमध्ये दुसरी! गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरणाऱ्या लोकांना विचारा किती जणांना माहीतेय. तुमचं दुखणं खरंय.

पण विदित गुजराथी बघा, नाशिकचाच. लॉकडाऊनमध्ये कॉमेडियन समय रैनाबरोबर यूट्यूबवर बुद्धिबळ खेळत हसत-खिदळत बसायचा, लोक म्हणायचे हा आता कॉमेडियन होणार. पुढे २०२३ मध्ये ग्रँड स्विस ही मोठी स्पर्धा जिंकला, २०२४ ला कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी स्पर्धा खेळला आणि त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिम्पियाडचं टीम गोल्ड. घरी खुर्चीत बसून, स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या चॅनलवर करत होता, म्हणून जमलं. तुम्ही पण मॅचचा मोबाइल ट्रायपॉडवर लावून लाइव्ह करा, कॉमेंटरीला मराठीच्या डिपार्टमेंटचा एखादा बडबड्या पोरगा घ्या. खो-खो इतका फास्ट आहे की चांगला कोन मिळाला तर लोक बघतील. मैदानाच्या लांब बाजूला, खांबापासून जरा आत आणि उंचावर लावा, जमिनीवरून नुसते पाय दिसतात.

प्रश्न: मी एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर आहे. यंदा मॅनेजमेंटने सांगितलं की वार्षिक क्रीडा महोत्सव दोन दिवसांऐवजी एका संध्याकाळी करा, सेलिब्रिटी आणि डीजे ठेवलाय, गोळाफेक, थाळीफेक, ५,००० मीटर काढून टाका, ते बोअरिंग आहे म्हणे. मी एकटा किती भांडू? (गंगापूर रोड)

उत्तर: सर, भांडू नका, सौदा करा. थ्रो आणि ५,००० सकाळी सहाला घ्या, त्याला ना डीजे लागतो ना मॅनेजमेंट, पण निकालाच्या शीटवर ते महोत्सवाचाच भाग म्हणून छापा आणि मेडल संध्याकाळी स्टेजवरच द्या, त्याच लाइटमध्ये. हे ते मान्य करतील कारण त्यांना फोटोला माणसं पाहिजेत. संध्याकाळी १००, २०० आणि ४ बाय ४०० रिले ठेवा, याच्यापेक्षा मोठा शो सेलिब्रिटीकडे पण नाही, पोरं वर्गावरून ओरडून गळे बसवून घेतात.

दोन गोष्टी मात्र लेखी घ्या. कार्यक्रमाची वेळ सेलिब्रिटीच्या गाडीवर अवलंबून नाही, ते उशिरा आले तर रिले होऊन गेलेली असेल. आणि साउंडवाल्याचा माणूस तुमच्या हाताच्या इशाऱ्यावर, स्टार्टर "ऑन युअर मार्क्स" म्हणाला की स्पीकर पूर्ण बंद, कारण "सेट" ऐकू आलं नाही तर पोरं एकमेकांकडे बघून उठतात आणि जो नियमाने थांबतो तोच हरतो. फिनिशला स्टॉपवॉच घेऊन जे प्राध्यापक उभे राहतात त्यांना पण सांगा, आवाजावर नाही, बंदुकीच्या धुरावर घड्याळ दाबायचं. रात्रीच्या लाइटमध्ये धूर दिसत नसेल तर स्टार्टरच्या मागे काळा बोर्ड लावा, ड्रॉइंगच्या वर्गातला चालतो.